गोधडीत सुई अडते कुठे?

गोधडी शिवणारी बाई मध्येच थांबते, सुई केसांतून एकदोनदा फिरवते आणि पुन्हा टाका घालते. मघाशी जी सुई पाच-सहा थरांत रुतून बसली होती, ती आता सरळ आरपार जाते. सुईला धार लावलेली नाही, ती बदललेली नाही, हाताचा जोरही वाढवलेला नाही. मग झालं काय?

हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी घरात पाहिलेलं आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या जुन्या नगरमध्ये, तर गोधडी अंगवळणी पडलेली. इथे हिवाळ्याच्या रात्री पारा 10 अंशांखाली उतरतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची ऊसतोडणीला जाणारी कुटुंबं बिऱ्हाडात भांड्यांबरोबर गोधड्या बांधतात. कर्जतचं ग्रामदैवत तर संत गोदड महाराज. रानातली कामं उरकली की चैत्र-वैशाखात सावलीला बसून गोधडी शिवायला घ्यायची, पाऊस लागायच्या आत संपवायची, हा जुना रिवाज.

या शिवणकामाला वेगळी हत्यारं क्वचितच विकत आणली जातात. डोक्याचं तेल, मेणबत्ती, अंगाच्या साबणाची चीप, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, वरवंटा, बांगडी, ताट असं जे हाताशी असेल त्यावर काम भागतं. या सगळ्यांमागे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे घर्षण. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकताना जो अडथळा होतो, तो म्हणजे घर्षण. गोधडीत ते सुईभोवती कमी हवं, बोटांत जास्त हवं, कापडाच्या थरांमध्ये टिकून राहायला हवं आणि दोऱ्याला बेताचं हवं. घरातल्या या वस्तू नेमका हाच हिशेब सांभाळतात.

टोक, अंग आणि नेढं

सुई तीन ठिकाणी अडू शकते आणि तिन्हींचा उपाय वेगळा. म्हणून आधी नीट बघावं की ती थांबते कुठे.

कापडात शिरतानाच खळखळ करत असेल, तर टोक बोथट झालंय किंवा वळलंय. ते डोळ्यांना दिसतंच असं नाही. टोक अंगठ्याच्या नखावरून अलगद आडवं ओढून बघा. ओरखडा उठला किंवा खरखर जाणवली तर टोक बिघडलेलं आहे. बारीक पॉलिश पेपरच्या घडीतून सुई फिरवत-फिरवत दहावीस वेळा काढली की टोक बऱ्यापैकी सुधारतं. जास्तच वळलेली सुई सरळ टाकून द्यावी. ती धागा बाजूला सारत नाही, तोडते. आणि जुन्या लुगड्याचा धागा एकदा तुटला की तिथून कापड विरत जातं.

टोक सहज शिरलं आणि सुई अर्ध्यावर थांबली, तर अडचण तिच्या अंगात आहे. सहा थरांतून जाणाऱ्या सुईला शेकडो धाग्यांनी चारी बाजूंनी आवळलेलं असतं. त्यात हाताचा घाम. घामातल्या मिठाने पोलादावर गंजाचे बारीक ठिपके धरतात, ते नजरेला दिसण्याआधी कापडाला जाणवतात. केसांतून सुई फिरवण्याचा उपाय इथे लागू पडतो. केसांवर लावलेलं खोबरेल आणि डोक्याच्या त्वचेतून आपोआप झिरपणारा स्निग्धांश, दोन्हींचा अतिशय पातळ थर सुईवर चढतो. त्यातल्या काही कणांचं एक टोक धातूला धरून बसतं आणि दुसरं बाहेरच्या बाजूला राहतं. त्यामुळे सुती तंतू थेट पोलादावर घासत नाहीत, या थरावरून सरकतात. शिवाय हवेतली ओल धातूपर्यंत पोहोचत नाही, म्हणून गंजही धरत नाही.

या कामात तेल किती कमी लागतं हे महत्त्वाचं. बाटलीत बुडवलेल्या सुईपेक्षा केसांतून फिरवलेली सुई चांगली, कारण थेंबाथेंबाने तेल लागलं तर कापडावर डाग पडतो आणि त्यावर धूळ बसते. केसांना तेल लावत नसाल, तर खोबरेलाचा एक थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन तो दाबून पसरू द्यावा आणि त्यात सुई खुपसावी.

सुया ठेवायची गादीही याच तत्त्वावर करता येते. विंचरताना निघालेलं गुंतवळ पूर्वी टाकून देत नसत. केस गोळा करणारा दारावर आला की त्याला ते देऊन बदल्यात सुया, पिना, फण्या घेतल्या जात. तेच गुंतवळ घट्ट भरून लहानशी कापडी गादी शिवली की त्यातल्या तेलाने सुया गंजत नाहीत. राखेत मात्र सुया ठेवू नयेत. भांडं घासायला राख उत्तम, पण लाकडाच्या राखेतले क्षार हवेतली ओल ओढून घेतात आणि सुई आतल्या आत गंजते.

तिसरी जागा म्हणजे नेढं. बहुतेक वेळा सुई अडते ती इथे. नेढ्यापाशी सुई जरा रुंद असते आणि दोन्ही बाजूंना दोरा वळून गेलेला असतो, म्हणजे सगळ्यात जाड भाग हाच. सुई दोऱ्याच्या मानाने बारीक निवडली तर तिने पाडलेल्या भोकातून दोरा रेटून न्यावा लागतो, तो पिंजतो. म्हणून नेढं इतकंच रुंद हवं की त्याने कापडात दोऱ्यापुरती वाट करून द्यावी. मग दाभणच का वापरू नये? पोतं शिवायला दाभण ठीक, तिथे सुतळी ओवलेली असते. गोधडीत त्याने पाडलेलं भोक दोऱ्याने भरत नाही, टाका सैल राहतो आणि कापडावर कायमचा डोळा दिसतो.

बोटाची आणि सुईची झुंज

सुई पुढे ढकलताना जितका जोर टोकाकडून कापडावर पडतो, तितकाच नेढ्याकडून आपल्या बोटावर उलटा येतो. समजा एक किलो वजन पेलायला लागेल तेवढ्या जोराने आपण सुई रेटतो. नेढ्याकडच्या टोकाचं क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस मिलिमीटर. तेवढ्याशा जागेत हा सगळा भार एकवटतो. मधल्या बोटावर धातूची टोपी, म्हणजे अंगुस्तान घातलं, तर तोच भार एक चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि बोटावरचा दाब शंभरपट कमी होतो. अंगुस्तानावरचे बारीक खळगे शोभेचे नसतात. सुईचं मागचं टोक घसरून बोटात जाऊ नये म्हणून ते असतात.

गोधडी शिवणाऱ्या कित्येक बायका अंगुस्तान वापरत नाहीत आणि बोटाला घट्टा पडला की तो कामाचाच भाग मानतात. मला हे पटत नाही. उपाय घरात आहे. जुन्या चामडी चपलेचा किंवा पाकिटाचा तुकडा बोटाभोवती गुंडाळून दोन टाके घातले की झालं. दुसरं म्हणजे डब्यात पडलेली पाच-दहा पैशांची अॅल्युमिनियमची नाणी. 2011 च्या जूनअखेर 25 पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, पण अनेक घरांत ती अजून आहेत. असं एक नाणं मधल्या बोटाच्या पेराशी चिकटपट्टीने बांधावं. अॅल्युमिनियम मऊ असल्यामुळे थोड्याच वेळात त्यावर सुईचे खळगे पडतात आणि मग सुई तिथे घसरत नाही.

ढकलून झालं की ओढणं आलं. इथे उलट घर्षण हवं असतं, आणि बोटं घामेजलेली, सुईला तेल. पुष्कळजणी दातांनी सुई ओढतात. दाताचा टवका उडायला तेवढं पुरतं. पक्कड लावली तर पोलादावर चरे पडतात, सुई वाकते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा चिमटीत धरला की काम होतं. रबर मऊ असतं, सुईच्या गोलाईला लपेटून बसतं आणि पकड सुटत नाही. ट्यूब नसेल तर फुटलेल्या फुग्याचा तुकडा घ्यावा. मात्र तुकड्याला पावडर किंवा तेल लागलेलं नसावं.

दोरा: लांबी, मेण, पीळ

पुन्हा पुन्हा ओवायला नको म्हणून दोरा लांब घ्यायचा मोह होतो. त्याचा हिशेब मांडून बघू. दर सेंटिमीटरला सुई एकदा गोधडीच्या आरपार जाते असं धरू. 90 सेंटिमीटर शिवण होईपर्यंत नेढ्याजवळचा दोऱ्याचा तोच भाग 90 वेळा आरपार जातो. थर सहा असतील तर 540 कापडांतून घासून निघतो. दोरा तिप्पट घेतला की ही घासणी तिप्पट. म्हणून लांब दोरा टोकाकडे आधी पिंजतो, मग गुंततो, मग तुटतो. खांद्यापासून बोटापर्यंत किंवा त्याहून थोडा अधिक दोरा पुरे.

सुती दोरा म्हणजे आखूड तंतू एकत्र पिळून केलेली दोरी. तंतूंची टोकं बाहेर डोकावत असतात आणि कापडात अडकत राहतात. मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोरा दोनदा ओढला की ही टोकं चिकटून बसतात, जसे तेल लावून वेणी घातल्यावर भुरभुरणारे केस बसतात तसे. चांभार जोडा शिवण्याआधी दोऱ्याला मेण लावतो ते याचसाठी, शिवाय तिथे पाणी आत शिरू नये हाही हेतू. मधाच्या पोळ्याचं मेण मिळालं तर उत्तम. ते मेणबत्तीपेक्षा चिवट असतं आणि त्याच्या खपल्या पडत नाहीत. मेण लावल्यावर दोरा चिमटीतून भरभर ओढावा. बोटांच्या उबेने ते आत मुरतं आणि जादाचं निघून जातं.

दोऱ्याला आपोआप गाठी पडतात त्याचं कारण पीळ. प्रत्येक टाक्याला आपण नकळत सुई किंचित फिरवतो, दोऱ्यात जादा पीळ साठतो आणि दोरा ढिला पडला की स्वतःभोवती गुंडाळतो. अधूनमधून गोधडी उचलून सुई दोऱ्याला लोंबकळती सोडावी. ती गरगर फिरून सगळा पीळ काढून टाकते आणि स्थिर होते.

धावदोरा घालताना सुईवर चार-पाच टाके एकदम घेतात, दहा-बारा नाही. दोरा प्रत्येक टाक्याशी वळतो आणि प्रत्येक वळणावर ओढायला लागणारा जोर वाढतो. हा जोर बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. समजा एका टाक्याला तो 1.2 पट झाला, तर पाच टाक्यांना सुमारे अडीचपट होतो आणि दहा टाक्यांना सहापटीच्या वर जातो. पण याच गुणाकाराने गोधडी टिकते. एका ठिकाणी दोरा तुटला तरी चार-सहा टाक्यांपलीकडचा दोरा जागचा हलत नाही. शिवताना नकोसं वाटणारं घर्षण शिवून झाल्यावर राखण करतं.

ओवण्याबद्दल थोडं. आजी नातवंडांना सुई ओवायला बसवते, तेव्हा ती दोरा थुंकीने ओला करते. ओलीमुळे सुटे तंतू एकत्र येतात, हे खरं. पण सुती तंतू ओल पिऊन फुगतातही. त्यापेक्षा दोरा तिरका कापून त्याचं टोक साबणाच्या कोरड्या वडीवर घासावं. तंतू चिकटतात आणि दोरा फुगत नाही. जुन्या वायरमधली तांब्याची एकच तार दुमडून नेढ्यातून घातली, तिच्या फासात दोरा अडकवला आणि तार मागे ओढली, तरी दोरा येतो.

थर सरकू नयेत म्हणून

गोधडीचं खरं कसब मांडणीत आहे. नऊवारी लुगडं साधारण आठ मीटर लांब असतं. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले की एकट्याच्या गोधडीचे चार थर एकाच लुगड्यातून निघतात. जुनं सुती कापड इथे फार उपयोगी. धुऊन धुऊन त्यातली खळ गेलेली असते, म्हणून सुई सहज जाते. ते आटायचं तेवढं आटलेलं असतं. आणि त्याच्यावर आलेली बारीक लव थरांना एकमेकांवर धरून ठेवते. वरून नवं कोरं कापड लावायचं असेल तर आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावं. नाहीतर पहिल्याच धुण्यात वरचं आटतं, आतलं तसंच राहतं आणि सगळी गोधडी गोळा होते.

ऊब देते ती थरांच्या मध्ये अडकलेली हवा. ती कोंडून राहण्यापुरते टाके हवेत. फार दाट टाके घातले की गोधडी चपटी होते आणि त्या मानाने थंड पडते. फार विरळ घातले की आतल्या चिंध्या एका कोपऱ्यात गोळा होतात.

मांडणी सुरू करायला शहाबादी फरशी सोयीची. फरशांच्या सांध्याला काठ जुळवला की कोन आपोआप सरळ येतो. मातीच्या जमिनीवर असाल तर सुतळी घ्या आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसऱ्या कर्णावर, अशी मापून बघा. समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत आणि दोन्ही कर्णही सारखे भरले, तर चारही कोन काटकोनच असतात. गणिताला तिथे दुसरा मार्ग नाही. कर्ण कमीजास्त आले तर लांब कर्णाच्या टोकाचे कोपरे आत ढकलायचे.

मग प्रत्येक थर मधून बाहेर तळव्याने सारवल्यासारखा दाबत न्यायचा आणि कडांवर वजनं ठेवायची. वरवंटा, खलबत्ता, भरलेले डबे, काहीही चालतं. वजनाचा उपयोग कापड दाबण्यापुरता नाही. थरांमधलं घर्षण हे त्यांच्यावरच्या दाबाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून वजनाखालचे थर ओढले तरी सरकत नाहीत. शिवणारी बाई गोधडीवर गुडघा टेकून बसते, तेव्हा ती स्वतःच असं वजन असते.

अनेक ठिकाणी टाके कडेने सुरू होतात आणि चौकोन लहान होत होत मध्यावर पोहोचतात. यात एक धोका आहे. प्रत्येक फेरीला थोडं सैल कापड पुढे रेटलं जातं आणि शेवटी मध्यावर फुगा येतो. म्हणून आधी लांब-लांब कच्चा दोरा घालून थर बांधून घ्यावेत. तेवढा वेळ नसेल तर बांगडीला अडकवलेल्या पिना काढून वीतभर अंतराने टोचाव्यात. कडेला कपडे वाळत घालायचे चिमटे चालतात.

| काय करू नये |
|---|
| हळदीने खुणा करू नयेत. हळदीचा रंग पक्का बसतो, शिवाय साबण लागला की लाल होतो. |
| मेणाचा दोरा किंवा साबणाची रेघ असलेल्या कापडावर धुण्याआधी इस्त्री फिरवू नये. वितळून डाग मुरतो. |
| सुई साबणाच्या वडीत खुपसून ठेवू नये. शिवताना एकदा टोचून काढणं ठीक. ठेवून दिली तर वडीतल्या ओलीने गंजते. |
| सुया मोजल्याशिवाय उठू नये. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक जमिनीवरून आणि गोधडीवरून फिरवलं की हरवलेली सुई सापडते. ते लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. |

पुसली जाणारी रेघ आणि न पुसली जाणारी

सरळ धावदोऱ्याला खुणेची फारशी गरज नसते. आधीच्या ओळीपासून बोटाचं अंतर राखत पुढची ओळ जाते, किंवा लुगड्याची चौकडीच रेघ दाखवते. नक्षी काढायची तर खूण लागते.

गडद कापडावर अंगाच्या साबणाची उरलेली चीप सर्वांत चांगली. कोरडी झाली की तिची कड धारदार राहते, बारीक पांढरी रेघ उठते आणि पहिल्या धुण्यात ती पाण्याबरोबर जाते. फिक्या कापडावर साबण दिसत नाही. तिथे रंगच लागत नाही. चमच्याच्या दांड्याने दाबून रेघ ओढावी. दबलेले तंतू उजेड वेगळ्या दिशेला परततात, म्हणून तिरप्या उजेडात ती रेघ स्पष्ट दिसते. लांब रेघेसाठी गवंड्याची युक्ती घ्यावी. खडूच्या भुकटीतून दोरा काढायचा, दोघींनी दोन टोकांना ताणून धरायचा आणि मधोमध उचलून सोडायचा. गोल हवा असेल तर बांगडी, वाटी, ताट. वाटी अर्धी-अर्धी सरकवत गेलं की दोन गोलांच्या मधल्या जागेत पाकळी तयार होते.

न पुसली जाणारी खूणही लोकांना लागायची. दारोदार सुया-दाभण विकणाऱ्या वैदू बायकांच्या टोपलीत बिब्बेही असत. बिब्ब्याचा रस कापडावर काळा होतो आणि धुऊन जात नाही. म्हणून परीट ज्याच्या-त्याच्या कपड्यांवर त्याने खूण करत. हा रस अंगाला लागला तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. तेव्हा गोधडीवर नाव घालायचं असेल तर टाक्यांनीच घालावं.

आता कापड बदललंय

सुती लुगडी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या, आणि नगरच्या कापड बाजारातही नायलॉन, पॉलिस्टरच्या साड्या ढिगाने दिसतात. गोधडीला कापड मिळतं ते असलं. त्याचा धागा गुळगुळीत, त्याला लव नाही, म्हणून थरांमधलं घर्षण एकदम घसरतं. मांडणी जमली असं वाटतं आणि बसल्या जागी वरचा थर चार बोटं सरकतो. घाम न शोषणारं हे कापड अंगाला चिकटतंही. चुलीजवळ तर ते जपूनच वापरावं, कारण सुती कापड जळून राख होतं आणि हे वितळून कातडीला धरतं.

तरी ते टाकून द्यायची गरज नाही. दोन गुळगुळीत साड्या एकमेकींवर कधी ठेवू नयेत. मध्ये एक सुती थर, जुनं धोतर, चादर, पंचा, जे असेल ते घालावं. कच्चा दोरा एरवीच्या निम्म्या अंतरावर घालावा. अंगाकडची बाजू सुतीच ठेवावी. आणि दोराही सुतीच घ्यावा, कारण चिवट नायलॉनचा दोरा स्वतः तुटत नाही. ओढ बसली की तो शेजारचं मऊ कापड कापत जातो. दोरा तुटला तर पुन्हा चार टाके घालता येतात. कापड कापलं गेलं तर ठिगळच लावावं लागतं.